त्याची बदली मी होऊ देल्ली नाई

माहं नाव चंद्रकला. माहेर नाचनगावच्या बाजूचं, अन् देल्लं मले इकडं रोहन्याच्या अंगानं, हे गाव मोठ्या रोडपासून आत, यष्टी सकाळी येते अन् मंग एकदम संध्याकाळी, मधात काम पडलं त पायी चाला नाईतर कोनाच्या गाडीवर बसा. बाप माहा जिनिंगमंधी कामाले होता, आमी साऱ्या बहिनीच, त्यानं साऱ्याईले शाळेत घातलं, मी सातवीपर्यंत शिकली, मंग माय बिमार पडली अन् सैपाकपान्याले घरी राह्यली ते राह्यलीच. लगन झालं. मालक ट्रॅक्टरवर डायवर, मी मजुरीले जाते, निंदन, कापसाची येचनी, चन्याची सोंगनी, जे असन ते. लेकरू मले एकच, पोट्टी, समीक्षा. मांगून काई झालं नाई. म्हनून सारा जीव तिच्यात, अन् म्हनूनच त्या मास्तरनं तिले जे केलं ते मी इसरली नाई, लिवून घ्या ताई तुमी, इसरनार बी नाई.

त्याचं नाव मी घेत नाई. मास्तर म्हनते त्याले सारं गाव, मी बी मास्तरच म्हनते. आमची शाळा चौथीपर्यंत, दोन मास्तर, त्यातला हा मोठा. वर्ध्याले त्याचं घर, बायको तिकडंच, तो आर्वीले खोली करून राहे अन् फटफटीनं ये. पालकसभा तो ठेवे सकाळी अकराले. आता तुमीच सांगा, अकराले वावरात कोन नसते? कोनी जाये नाई, अन् वरून साहेब आला का हा त्याले सांगे, साहेब, इथले मायबाप शाळेकडं ढुंकून पाहत नाई.

समीक्षा दुसरीत होती तवा मी एक दिवस मजुरी पाडली अन् गेली सभेले. काई लोकं होते, सरपंचाची बायको होती, खुर्चीवर. मास्तरनं समीक्षाले उभं केलं, म्हने वाच. ती त्याच्या तोंडाकडं पाहे, पुस्तकाकडं पाहे, काई बोले नाई. काय सांगू तुमाले ताई, तो हासला अन् मले म्हने का बाई, हिच्या डोक्यात भुसा भरला हाय, इथं बसून का करते, ने हिले येचनीले, आतापासून हात बसन तिचा. सारे हासले. अन् समीक्षा बी हासली. काऊन का सारे हासून राह्यले होते म्हनून ती बी हासली. ते तिचं हासनं माह्या काळजात रुतलं, मास्तरचं बोलनं नाई तेवढं रुतलं.

मालक म्हने आर्वीच्या शाळेत टाकू. सरपंच म्हने तक्रार करू, याले हाकलू. मी म्हनलं नाई. कारन मले माहीत होतं, त्याले वर्ध्याच्या जवळ बदली पायजे होती, तक्रार केली असती त तो हासत हासत गेला असता अन् तिकडं दुसऱ्याच्या पोरीले हेच म्हनलं असतं. मी मनात धरलं, हा इथंच राहीन, अन् जिच्या डोक्यात भुसा म्हनला तिलेच वाचायले शिकवीन, माह्या डोयासमोर.

त्याच साली शाळेची समिती नवी झाली. मायबापाची समिती असते ना ते, त्यात अर्ध्या बाया लागते. कोनी बाई तयार नाई, मी उभी राह्यली. सरपंचानं मलेच अध्यक्ष केलं, त्याले वाटलं मजुरीवाली बाई हाय, म्हनन तिथं सही करन.

पयलं काम मी काय केलं, सभा संध्याकाळी ठेवली, विहाराच्या आंगनात, सतरंजी टाकून. मास्तर म्हने बाई, शाळेचा टाइम पाचपर्यंत असते. मी म्हनलं आमचा टाइम त्याच्यानंतर सुरू होते, अन् तुमी त साहेबाले सांगता का मायबाप येत नाई, आता येऊन राह्यले तर तुमी बी या. आला. आमी वावरातून आलेल्या बाया, तशाच मातीच्या पायानं बसलो, तो बी बसला खाली. त्याच्या इस्त्रीच्या पँटीले माती लागली ते पाहून मले बरं वाटलं, खोटं कायले बोलू.

मंग आमी बाया वर्गात जाऊन बसाले लागलो. ज्या दिवशी जिले काम नाई त्या दिवशी ती, मांगच्या भिंतीले टेकून. त्याले मोबाइल काढता येईना. म्हने बाई, तुमी माह्यावर पाळत ठेवून राह्यल्या. मी म्हनलं हो.

एक दिवस तो चिडला. म्हने पाहा, तुमीच पाहा तुमची पोट्टी कशी माजली हाय. अन् तिच्या मांगून हाक मारली, समीक्षा. सारा वर्ग वळला, ती चित्र काढत बसली. परत मारली, परत तसंच. मी म्हनलं घरी त एका हाकेत येते. तो म्हने मंग तुमीच मारा हाक. मी बसल्या जागेवरून हाक मारली. नाई वळली ताई ती. मास्तरचं तोंड उतरलं. तो हळूच तिच्या दुसऱ्या बाजूनं गेला, वाकला, अन् बारीक आवाजात म्हने समीक्षा. ती चटकन वळली, म्हने जी सर. घरी एकच खोली, चुलीपाशी ती नेहमी तोच कान माह्याकडं येईन अशी बसे. लहानपनी कान वाहे तिचा, मंग थांबला, आमाले वाटलं बरा झाला. अर्धं मले दिसे, अर्धं त्याले, अन् आमी दोघं त कधी एकमेकाशी बोललोच नव्हतो.

वर्ध्याले मोठ्या दवाखान्यात गेलो. मास्तर म्हने गाडीवर नेतो, मी बसली नाई त्याच्या गाडीवर, यष्टीनं गेली. पोहोचली त तो गेटवर उभाच. डाक्टरीनबाईनं तपासलं, म्हने एक कान गेल्यातच जमा, दुसरा अर्धा, कानाले मशीन लागन. मी तिथंच मास्तरले म्हनलं, सांगा बाईले, तुमी माह्या पोरीले काय म्हनलं होतं ते. त्यानं खाली मान घालून सांगितलं, सारं, येचनीचं बी. डाक्टरीनबाई त्याच्याकडं पाहत राह्यली. मले लय समाधान झालं.

मंग तो सुधारला का भेला, मले नाई माहीत. समीक्षाले पुढं बसवलं, फळ्याकडं तोंड करून बोलनं सोडलं. संध्याकाळच्या सभेत बायाईले सांगे, तुमाले वाचता नाई आलं तरी लेकराले जवळ घ्या, ते वाचन अन् तुमी इचारा का मंग पुढं काय झालं. आमी इचारो. आमच्यातली गोंडाची म्हातारी त्याले म्हने, मास्तर, माही नात घरी आमचं बोलते, तुमचं तिले समजत नाई म्हनून गप बसते. त्यानं म्हातारीले वर्गात बोलावलं, तिच्या बोलीतल्या गोष्टी ऐकल्या, अन् नात बोलाले लागली.

समीक्षा वाचाले लागली तवा तो घरी आला, म्हने बाई, चुकलं माहं. मी म्हनलं घरात कायले सांगता, चार लोकाईत बोलले ना, तिथंच सांगा. पुढच्या सभेत समीक्षानं अख्खा धडा वाचला, अन् मंग तो उठला अन् त्या दिवशी काय बोलला ते त्यानं जसंच्या तसं सांगितलं, अन् माफी मांगितली. जे जे हासले होते ते सारे सतरंजीकडं पाहून राह्यले. सरपंचाची बायको बी.

अन् मंग त्याची बदली निघाली, वर्ध्याच्या जवळची, जशी पायजे तशी. मी साऱ्या बायाईले घेऊन आर्वीले गेली, हापिसासमोर बसली, म्हनलं आमाले हाच मास्तर पायजे. थांबली बदली. साहेब आला, त्यानं गावात त्याचा सत्कार केला, माहा बी केला, म्हने असं गाव पाह्यलं नाई, मायबाप मास्तरले सोडत नाई. लोकाईनं टाळ्या वाजवल्या. सत्कार झाल्यावर मास्तर माह्याजवळ आला, म्हने बाई, माही बायको तिकडं एकटी हाय, काऊन असं केलं? मी म्हनलं तुमी इथं चांगलं शिकवून राह्यले म्हनून. त्याले समजलं. त्याले अन् मलेच समजलं.

आता समीक्षा सातवीत हाय, रोहन्याले जाते यष्टीनं. सुटीच्या दिवशी सरच्याकडून गनित समजून घेते. मले म्हने माय, सरले असं टाकून बोलू नको, सरनं मले शिकवलं. मी म्हनलं तुले शिकवलं, तुह्या जागी ते बरोबर हाय, मले मात्र सांगू नको.

रिटायर व्हाले त्याले अजून गंज वर्सं हाय. मी रोज दिवा लावते तवा त्याच्यासाठी बी मांगते. त्याले लंबं आयुष्य मिळो, त्याचा घसा शाबूत राहो, अन् या गावात जेवढे लेकरं जन्माले येतीन तेवढे सारेच्या सारे त्याच्याच हातून वाचाले शिको, एकानंबी त्याले उसंत देऊ नये.