दार जरा उशिरा मिटतं

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलेल्या शिक्षिकेच्या कानावर शेजारच्या बापलेकीचं बोलणं पडत होतं. लेकीच्या मांडीवर लॅपटॉप होता.

“बाबा, तुम्ही लिहिलेला लिफ्ट चालवणारा कोड शेवटी माझ्याच गळ्यात पडला. नशीब, हे टूल आहे. ओळीवर टिचकी मारली, की ती कुठून कुठून वापरलीय ते दिसतं.”

“मग अडलं कुठे?”

“एका ओळीमुळे दार मिटायच्या आधी उगाच थांबतं. का, ते टूल सांगत नाही. साहेब म्हणतात, काढून टाक.”

“तुझी आजी काठी टेकत यायची. दार तिच्या अंगावरच मिटायचं.”

“कधी बोलला नाहीत!”

“आता आजी नाही. काढ खुशाल.”

“नाही काढत.”

“मग टाइप काय करतेस?”

“त्या ओळीच्या डोक्यावर टीप लिहितेय, ‘कुणीतरी काठी टेकत येतंय. थांबा.’”