कड्यावरचा नमदा

— नाही, नाही, सूयुन आके, तो फॉर्म पिशवीत घालू नका, आधी या पाटीपाशी दोन मिनिटं उभे राहा. दारासारखी दिसते ना? खाली सगळे तेच म्हणतात — एर्मेक सहा वर्षं कोरियात शिकला आणि डोंगरावर एक दार आणून उभं केलं, मागे खोलीच नाही. हसा, तुम्हीही हसा. पण जिल्ह्याहून आलात, घोड्यावर बसून इथवर चढलात, तर काय काढून न्यायचं ते तरी समजून न्या. फोनचा टॉवर कुठे आहे? त्या सुळक्यापलीकडे. त्याची लाट येते, या कड्यावर आपटते आणि वाया जाते. खाली कुरणात नऊ तंबू आहेत, त्यांच्या वाट्याला काही नाही. दुसरा टॉवर कोण उभारणार — नऊ तंबूंसाठी, तेही उन्हाळ्याचे चार महिने? कोणी नाही. लहानपणी आपण आरशात ऊन पकडून दुसऱ्याच्या तोंडावर मारायचो ना, तसंच हे. फक्त आरसा हातानं फिरवावा लागतो, ही पाटी जागची हलत नाही. हिच्यात हजारभर चौकोन आहेत, प्रत्येक चौकोन लाट जराशी थोपवून परत सोडतो, आणि कोणी किती थोपवायची ते बदललं की सगळी लाट मिळून वळते — हवी तिकडे. वीज किती लागते? ती वीतभर सौरपट्टी दिसते ना, तेवढी. मी सोलमध्ये काचेच्या इमारतीत बसून या कड्याचं चित्र काढायचो, आके. तिथे दहा टॉवर दिसत होते एका खिडकीतून. मला हा एक कडा दिसायचा.

आणि इथे काय? पहिल्या आठवड्यात कोणीतरी खांबाला घोडी बांधली. दुसऱ्या आठवड्यात पाटीवर धुतलेली लोकर वाळत घातली — ऊन छान लागतं म्हणे. एका आजीनं नवसाची चिंधी बांधली. मी प्रत्येक तंबूत जाऊन, प्रत्येक ठिकाणी कुमीसचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा रिकामा करून सांगितलं, पाटीवर काही टाकू नका, ओल्या कपड्यातून, ओल्या लोकरीतून लाट जात नाही. माना डोलावतात. सगळे माना डोलावतात. आणि मग माझा स्वतःचा मामा — जापार मामा, ज्यानं मला वाढवलं, ज्यानं ही पाटी आपल्या घोड्यावर लादून इथवर आणली — तो येऊन तिच्यावर खोगिराखालचा नमदा टाकतो. का, तर गारा येणार होत्या. शिंगरावर टाकतो तसा हिच्यावर टाकला, म्हणाला.

हो, गेल्या गुरुवारचीच गोष्ट. तुम्हाला खाली सगळं सांगितलंच असेल. आयसुलुवला कळा लागल्या, मूल आडवं, आणि आमची एकटीच नर्स — बुरुलचा तिचं नाव, आम्ही तिला एजे, थोरली बहीण म्हणतो — पाऊण तास फोन लावत बसली. लागला असता तर दवाखान्याची जीप तासाभरात ओढ्यापर्यंत येते. नाही लागला. मग आयसुलुवला घोड्यावर, दोन्ही बाजूंनी धरून, तीन तास. मूल वाचलं. आयसुलुव नारीन शहरातल्या दवाखान्यात आहे, रक्त फार गेलं, अजून धड बोलत नाही. म्हणून तुम्ही आलात, मला माहीत आहे. म्हणून फॉर्मवर तो ‘कारण’ असा रकाना आहे. लिहा ना त्यात — नमदा. सगळ्यांनी पाहिलाय, घोडेस्वार वर आले तेव्हा पाटीवर नमदा होता. पाटीत दोष नाही. पाटी राहू द्या.

काय? नाही, गारा नाही पडल्या. त्या दिवशी नाही पडल्या. आभाळ तसं — तसं निळंच होतं. म्हातारा माणूस आहे, चुकला असेल. हो, वीस वर्षं कुरणाचा मुखिया आहे, कोणता तंबू कधी हलवायचा हे तोच आभाळ बघून सांगतो, ते खरं आहे, पण — नमदा? कोरडा होता. मीच काढला ना. कोरडा, घोड्याच्या घामाचा वास येत होता.

हो, मघाशी मीच म्हणालो. ओल्यातून जात नाही. कोरड्यातून — जाते, आके. थोडी कमी होते, पण जाते.

नोंद? आहे नोंद, पाटी सगळी नोंद ठेवते, या फोनमध्ये — हे खालचं बघा, एक वाजून पाच मिनिटं, इथे लाट जराशी कमी झाली, हा नमदा. वरचं नका बघू, वरचं म्हणजे रोजचंच — बरं, बघा. बघाच. पाटी एका वेळी एकाच बाजूला लाट देते. रोज ती क्षणाक्षणाला वळते, इकडे, तिकडे, प्रत्येक तंबूला थोडी थोडी, कोणाला कळतही नाही. त्या दिवशी बारा वाजता ती एकाच तंबूवर रोखलेली आहे. तासभर. तो तंबू माझा. माझ्या प्राध्यापकांना चालू पाटी दाखवायची होती, चित्र अडकायला नको होतं — सोलमधली सगळी प्रयोगशाळा पडद्यावर जमली होती, मी त्यांना डोंगर दाखवत होतो, मेंढ्या दाखवत होतो, ते टाळ्या वाजवत होते. एजेचा पहिला फोन बारा वाजून दहा मिनिटांचा आहे. मला वाटलं होतं, एक तास तर आहे. एका तासात काय होणार?

मामा तंबूच्या दारात आला होता. कोणीतरी त्याला सांगितलं होतं, फोन बंद पडलेत. त्यानं पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. घोड्यावर बसला. मला वाटलं आयसुलुवकडे गेला. तो नमदा घेऊन इकडे वर आला होता.

मी त्याला विचारलं नाही. तो गारा म्हणाला आणि मी ऐकून घेतलं. पाच दिवस ऐकून घेतोय. रविवारी सगळे जेवायला बसले तेव्हा तो दारासमोरच्या मानाच्या जागेवर गेलाच नाही, आपणहून दाराशी बसला, जोड्यांजवळ, आणि कोणीही त्याला पुढे या म्हटलं नाही. मीही नाही. मी पाव मोडत होतो.

फॉर्म द्या इकडे. नाही, तुम्हीच लिहा — कारण नमदा नाही. पाटी चालवणाऱ्यानं लाट स्वतःकडे रोखली. नाव एर्मेक, सादिरबेकचा मुलगा. पाटी काढायची की ठेवायची ते तुमचं तुम्ही ठरवा, मी आता त्यावर एक शब्द बोलणार नाही. सही कुठे, इथे? झाली. घोड्याचा पट्टा ढिला झालाय तुमच्या, तो आवळून घ्या, आणि उतारावर सावकाश जा. मी पायवाटेनं पुढे जातो. जेवणं सुरू होतील, मला मामाला दारापासून उठवायचंय.