ज्याने माझा पाय मोडला त्या रूपर्टविषयी

सभेच्या अध्यक्षा आणि ग्रासबाखच्या नगराध्यक्षा वाल्ट्राउट लेहनरबाई, क्लबची वडीलधारी मंडळी, सत्कारमूर्ती रूपर्ट श्टाडलोबर, आणि माझ्या ओबरराइट गावाहून येऊन मागच्या बाकांवर आधीच बिअर उघडून बसलेल्या मित्रांनो,

सत्कारमूर्तीने ज्याची नडगी मोडली, त्यालाच भाषणाला उभं करायचं, हे धाडस ग्रासबाखकरांनीच करावं! मी आन्सगार प्रेटर. एकेकाळचा ओबरराइटच्या फुटबॉल संघाचा आघाडीवीर, आणि पोटापाण्यासाठी गाई पाळणारा.

रूपर्टची कीर्ती मी तुम्हाला काय सांगावी? शेजारच्या जर्मनीतली मैदानंसुद्धा त्याच्या नावाने गर्जत होती. बचावफळीत तो उभा असला की आपला राष्ट्रीय संघ निर्धास्त असे. आणि ऐन बहरात तो ग्रासबाखला, आपल्या गावच्या संघात परतला. का? "इथं सामना संपला की चालत घरी जाता येतं," एवढंच तो पत्रकारांना म्हणाला.

तो परतला त्याच वर्षी जूनमध्ये आमच्याशी सामना झाला. रूपर्ट घसरत आला, चेंडू त्याला मिळाला आणि मी इस्पितळात गेलो. पंचांनी शिट्टी वाजवली नाही, आणि ते बरोबरच होतं. पण आमचं गाव त्याला खाटीक म्हणू लागलं. माझा घोर वेगळाच होता. कुरणं कापणीला आलेली. गवत वाळून आत पडलं नाही, तर हिवाळ्याआधी गाई विकाव्या लागणार. घरात मी आणि आई, त्यात माझा पाय प्लास्टरमध्ये.

त्याच आठवड्यात रूपर्ट दारात.

"आता काय मोडायचं राहिलंय?" आईने विचारलं.

"गवत कापायला आलोय, बाई."

"येतं का?"

"वडिलांबरोबर कापायचो."

"मग उभा काय राहिलास? विळा गोठ्यामागे आहे."

बातमी फुटली. व्हिएन्नापासून चाहते आले, गळ्यात मफलर, तोंडी त्याची गाणी. आई कुंपणाशी उभी. "फोटो हवाय? आधी एवढं गवत वाळायला उलटून द्या!" दंताळी अपुरी पडली. खाटीक म्हणणारे शेजारी मान खाली घालून आपापली दंताळी घेऊन आले आणि कामाला लागले. पावसाआधी सगळं गवत आत गेलं. तेव्हापासून दोन्ही गावांत कुणी शेतकरी अंथरुणाला खिळला, की दोन्ही संघ त्याच्या कुरणात उतरतात. आजही.

पुढच्या वसंतात मी पुन्हा मैदानात उतरलो. मनात एकच भीती होती, रूपर्ट माझी कीव करेल. चेंडू माझ्याकडे आला. रूपर्ट पूर्वीसारखाच सरळ अंगावर आला, चेंडू स्वच्छ काढून नेला आणि मी चिखलात लोळलो. काय आनंद झाला म्हणून सांगू! तेवढ्यात कडेवरून आरोळी आली, "शाब्बास रूपर्ट!" जन्मात सामना न पाहिलेली माझी आई ती!

बोलावलंत, ऐकून घेतलंत, उपकार झाले. शेजारगावच्या माणसाचा एखादा शब्द टोचला असेल, तर तो पोटात घाला. आई आता नाही. असती, तर आज इथे आली असती, आणि बसली मात्र रूपर्टच्या शेजारी असती.