हितं म्हस हाय, डागतर न्हाय

—तिकडं नको, हिकडं या पावणं, चंद्रीच्या तोंडाकडनं. परका माणूस मागं उभा ऱ्हायला की ही म्हस दूध चोरती, सोडतच न्हाय. हां, असं. धरा गिलास. न्हाय, घ्यायलाच लागतंय — गंगावेशीच्या कट्ट्यावर येऊन धारेचं दूध न पिता नुसतं इचारत सुटायचं, असं चालत न्हाय हितं. तर प्रसेनजीत डागतरची चौकशी. पेठ वडगावास्नं आलासा, शर्टाला कडक इस्त्री, आन् त्येच्या घराकडं न जाता आदी गवळ्याकडं — पोरीचं वडील हायसा, सांगायला कशाला पायजे. नाव काय म्हटलासा? गणपतराव. आन् लेकीचं? श्रुती. शाळंत शिकवती. बरं हाय. मी बसलिंगाप्पा. तिसरीतनं उठलो आन् म्हशीखाली बसलो, ते अजून बसलोय. मला गोडगोड बोलाय येत न्हाय. इचारा.

दारू न्हाय. तंबाखू न्हाय. बाई-बिई काय न्हाय, असती तर पयल्यांदा मला कळलं असतं, हितं सगळं कळतंय. नाद म्हणाल तर फुटबॉल — पेठंच्या टीमचा गोलकीपर. डागतर झाला तरी गुडघं फोडून घ्यायचा, आन् दुसऱ्या दिवशी लोकांच्या जखमंला पट्टी बांधायचा. सकाळी रंकाळ्यात पवणं, मग दवाखाना, आन् सांच्याला साडेपाच वाजलं की त्येची एम-एटी गाडी हितं, त्या खांबाला. संगं सोमशेखर — त्यो समोर रंगाचं दुकान हाय न्हवं, त्येचाच. पयलीपास्नं एका बाकावरचं दोघं. मग काय, दवाखान्याचं त्वांड उतरून ठेवायचं आन् खुळ्यासारखं हसायचं. माझा रिकामा कॅन घ्यायचा, त्येच्यात त्वांड घालायचं आन् मॅचचं सांगत सुटायचं — कॅनमदनं आवाज असा घुमायचा की पार कोपऱ्यावरची माणसं थांबायची. चंद्रीची धार काढायला शिकला माझ्याकडनं. ही माझ्या लेकाला लाथ घालती, पर त्येला पान्हवायची. डागतर असून हात हलका, हे मी म्हशीवरनं सांगतोय, माणसावरनं न्हाय. माणसं खोटं बोलत्यात.

आज? आज न्हाय यायचा. काल बी न्हवता. दहा म्हैनं झालं त्यो हितं थांबत न्हाय. ड्यूटी असती, दुसरं काय. प्या की वो, फेस बसला सगळा.

काय ऐकलंसा वडगावात? म्हणा, म्हणा — मला काय नवीन हाय व्हय. डागतर कट्ट्यावर मस्करी करत हुता, म्हातारं दुखतंय म्हणून गेलं, तर हा म्हणला 'उद्या बघू', आन् म्हातारं आठ वाजता मेलं. हेच न्हवं? वडगावापातूर गेलं म्हणायचं. आता तुमी लेकीचा बाप, तुमी इचारणारच. माणूस मरतंय आन् ज्येला उद्या सुचतंय, त्येच्या घरात पोरगी कशी द्यायची. मीबी न्हाय दिली असती.

पर ते खोटं हाय. म्हंजे, 'उद्या' म्हणला ते खरं हाय. बाकीचं— थांबा. जरा बसतो.

त्या भिंतीवर खिळा दिसतोय? तितं पत्रा हुता. झालतं काय, ह्यो पोरगा डागतर झाला आन् गिलास हातात धरला की माणसं सुरू. एक जीभ काढून दावायचा. एक धोतर सोडायचा, तितंच, रस्त्यावर. एकानं तर बाटलीत लघवी आणली — दुधाच्या कट्ट्यावर वो, माझ्या कॅनच्या शेजारी ठेवली. पोरगं कुणाला न्हाय म्हणायचं न्हाय. दूध तसंच, फेस खाली, त्येच्या तोंडाचं पाणी पळालेलं. मला राग आला. म्या म्हटलं, दिसभर माणसं मरताना बघतंय, तासभर तरी त्येला सोडा की. सोमशेखरनं पत्रा रंगवला — हितं म्हस हाय, डागतर न्हाय. मला वाचाय येत न्हाय नीट, पर त्येवढं मी रोज वाचायचो. जो दुखणं काढंल त्येनं सगळ्यास्नी दूध पाजायचं, असा दंड. आन् पत्र्याचा खिळा मारला कुणी? बाळासोनं. जे मेलं ते.

बाळासो म्हंजे शिंपी. माझ्यासंगं चाळीस वर्सं हितं बसलेला. टीमच्या जर्श्या तोच शिवायचा, गळ्यात कायम मापाची टेप. भांडायचो आमी, रोजचं. त्यो मला अडाणी म्हणायचा, मी त्येला बायकांच्या झंपरातला किडा म्हणायचो. एक दिस भांडलं न्हाय तर करमायचं न्हाय.

पत्रा लागल्यावर वरीसभर पोरगं कसं ऱ्हायलं काय सांगू. भूक लागायची त्येला. दोन दोन गिलास. दवाखान्याचा फोन समोरच्या एसटीडीत आला की मातर दूध टाकून पळायचा, दंड न्हाय, काय न्हाय, ते त्येचं काम. आन् मला वाटायचं, हे म्या केलंय. म्या राखलंय ह्येला. माजलो हुतो मी, दुसरं काय.

मग जानेवारीतला तो शनवार. दुसऱ्या दिवशी मॅच. पोरं नाचत हुती, प्रसेन कॅनमदी त्वांड घालून बोंबलत हुता. बाळासो आला. म्हणला, 'प्रसेन, जरा—' आन् म्या काठीनं पत्रा दावला. बोललो बी न्हाय, नुसती काठी वर केली. सगळी हसली. प्रसेननं मान वळवली, म्हणला, काय वो काका? बाळासो म्हणला, 'काय न्हाय, तुझ्या जर्सीचं माप पायजे हुतं.' प्रसेन म्हणला, 'उद्या घेऊया की काका.' संपलं. हा 'उद्या' वो पावणं. जर्सीच्या मापाचा. पोरांनी लांबनं तेवढंच ऐकलं, आन् बाळासो गेल्यावर गल्लीनं त्येची गोष्ट केली.

मग लोकास्नी म्या का सांगितलं न्हाय? बराबर इचारलासा. मास्तरणीचं वडील शोभतासा.

सांगितलं असतं तर फुडचा प्रश्न आला असता. जर्सीचं माप घ्यायला शिंप्याला 'जरा' कशाला म्हणाय लागतंय? टेप गळ्यात, पोरगं समोर.

चार वाजता आलता बाळासो. प्रसेन यायच्या आदी. कट्ट्यावर मी आन् ही चंद्री, तिसरं कोण न्हाय. म्हणला, बसाप्पा, दुपारपास्नं छातीवर पोतं ठेवल्यागत झालंय, जबडा दुखतोय, प्रसेन आला की दावतो. थंडीचं दिस आन् घाम असा, की गळ्यातली टेप भिजलेली. दिसली मला ती. आन् म्या काय म्हटलं? म्हटलं, 'खिळा तू मारलास आन् नियम बी तूच मोडणार व्हय? दंड दे आदी.' चेष्टाच केली वो. रोज करतो तशीच. त्यो हसला. आत्ता सांगतोय, हसला त्यो. आन् साडेपाचपातूर तितं, तुमी उभा हायसा न्हवं, तितं बसून ऱ्हायला. दीड तास. त्या दीड तासात मी दोन म्हशी पिळल्या, पर जा म्हणलो न्हाय त्येला. चल म्हणलो न्हाय. आन् मग काठी वर केली.

बाळासोच्या घरातनं पोरगं पळत आलं प्रसेनकडं, पर तवा काय ऱ्हायलं न्हवतं. शिलाई मशिनीवर मान टाकलेली. तेराव्याला प्रसेन हितं आला, ह्या दगडावर बसला. म्हणला, 'मामा, खरं सांगा. काकांना खरंच जर्सीचं माप पायजे हुतं?' म्या म्हटलं, व्हय. म्हणला, घाम आलता का त्येंना? म्या म्हटलं, बघितला न्हाय. त्यो म्हणला, मी बी न्हाय बघितला मामा, आन् बघायचं काम माझं हुतं. गिलासाला हात लावला न्हाय. उठला आन् गेला. तवापास्नं सोमशेखर एकटाच येतोय, दूध पितोय, माझ्याकडं बघत न्हाय. कॅनमदी कोण बोलत न्हाय. पोरगं फुटबॉल सोडून बसलंय. दवाखाना आन् घर, घर आन् दवाखाना. लोक म्हणत्यात, लाजला असंल. लाजायचं त्यो कशाला? ते माझं हाय. त्येच्या अंगावर टाकून मी हितं धारा काढतोय, दहा म्हैनं.

पत्रा काढला म्या. टाकला न्हाय. म्हशीच्या आंबोणाच्या घमेल्यावर झाकण केलंय, ते बघा. रोज उचलतो, रोज ठेवतो.

म्हणून सांगतोय गणपतराव, लेक द्या. डोळं झाकून द्या. दुखणारा माणूस समोर आला आन् त्येनं उद्या म्हटलं, असं झालं न्हाय. त्येच्यापातूर दुखणं गेलंच न्हाय. म्या जाऊ दिलं न्हाय. वडगावात जाऊन सांगा, गंगावेशीच्या बसलिंगाप्पानं सांगितलं म्हणून. नाव घेऊन सांगा, मला चालतंय.

त्येला सांगितलं का? काय पावणं तुमी. तुमास्नी सांगणं सोपं हाय. तुमी गिलास ठेवून जाणार. त्यो आत्ता यील बघा, सहाला ह्याच रस्त्यानं जातोय. खांबाजवळ गाडी हळू करतोय, थांबत न्हाय. मी रोज गिलास भरून ठेवतो, त्यो गेला की रेडकाला पाजतो. उद्या सांगीन, असं दहा म्हैनं म्हणतोय.

व्हय. तेच. 'उद्या' म्हणणारा मी हाय. दावलासा बोट बरोबर.

ते बघा. एम-एटी. आली. पयल्यागत शिट्टी मारत न्हाय, तरी गाडीचा आवाज कळतोय मला— अवो, हात कशाला वर करतासा? खाली घ्या हात. गणपतराव, खाली घ्या म्हणतोय न्हवं, तुमी त्येचं कोण लागतासा आजून—

थांबला की.

तुमी जावा आता. न्हाय, दुधाचं पैसं नको, जावा. पोरीचं बोलणं तुमचं तुमी घरला जाऊन करा, ह्ये तुमच्यासमोर व्हायचं न्हाय. चंद्रीच्या मागनं नका जाऊ, म्होरनं जावा. जावा की वो.

ये प्रसेन. गाडी असू दे तितंच. बस. गिलास नको धरू आत्ता, आदी ऐक. बाळासोला जर्सीचं माप नको हुतं.