सिंधुबाईच्या टेबलावर माझी मुलगी बोलली त्याबाबत

मी, अनसूया गंगाधर दीक्षित, वय ५४ वर्षे, धंदा घरकाम, राहणार पंचवटी, नाशिक, कोणी बोलावले नसताना आज आपल्या पायांनी ठाण्यात येऊन सांगते, ते असे:

माझी थोरली मुलगी कुमुद गेल्या चैत्रात, सन १९८२ मध्ये, रविवार कारंजाजवळ सासरी भाजून वारली. स्टोव्हचा भडका उडाला असे जावई श्रीपाद याने सांगितले व अपघाताची नोंद झाली. जबाब पुरुषांचे घेतले. मी यजमानांना एक गोष्ट सांगितली होती. ते म्हणाले, "हे चारचौघांत बोलायचं नसतं." तरी मी ठाण्यात जाणार असे घरात बोलू लागले. ते श्रीपादच्या कानावर गेले. तो म्हणाला, "आई, तुम्ही कुमुदलाच विचारा ना," आणि मला व यजमानांना सिंधुबाईकडे घेऊन गेला.

सिंधुबाईला मी परकरात असल्यापासून ओळखते. आमच्याच आळीतली. पायाच्या अंगठ्याचे हाड कडाकडा वाजवून ती वर्गात बाईंना भंडावून सोडी. पुढे नवऱ्याने टाकले, तेव्हापासून तीच कला टेबलाखाली चालते. शंभर वर्षांपूर्वी विलायतेत टेबलावर आत्मे बोलावणारी कोणी मडम होती, ती आपल्या अंगात येते असे सांगते. मडमेला मराठी कोणी शिकवले, हे कोणी विचारत नाही. मुंबईहून मोटारी येतात, वकील-डॉक्टर चपला काढून बसतात. घरातले माणूस गेले की शहाण्याचीही अक्कल गहाण पडते, त्यावर या बाईने माडी चढवली. मला तिचा संताप येतो व तो लिहून घ्यावा.

परवा दिवेलागणीला आम्ही बसलो. खोलीत अंधार केला. टेबलाखालून टकटक सुरू झाली. मग सिंधुबाई बारीक आवाजात बोलू लागली, "आई, चूक माझीच गं. चहा टाकायला स्टोव्ह पेटवला, पिन मारताना भडका उडाला. ह्यांना दोष देऊ नकोस. ठाण्यात जाऊ नकोस."

यजमान रडू लागले. मी विचारले, "बाळ, दूध कुठून घेतलंस?"

"फळीवरून."

"स्वतःच्या हातानं?"

"हो गं, दुसरं कोण देणार?"

मी म्हणाले, "सिंधू, माझी पोर त्या दिवशी विटाळशी होती. दुसरा दिवस."

टकटक थांबली. सिंधुबाई आपल्या नेहमीच्या आवाजात श्रीपादला म्हणाली, "हे मला का नाही सांगितलंत?" श्रीपाद उठून दिवा न लावताच बाहेर गेला. हे यजमानांनीही ऐकले आहे.

कुमुद वारली त्याच्या आदल्या दुपारी मी तिच्याकडे गेले होते. ती मागच्या पडवीत पोत्यावर बसली होती. तिची सासू कडक सोवळ्याची. चार दिवस सुनेला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू देत नाही, पाणीसुद्धा वरून ओतते. अशा घरात दुसऱ्या दिवशी ती फळीला, दुधाला, स्टोव्हला शिवली असे मला सांगतात. मी ते मानत नाही. ती स्टोव्हपाशी गेली नाही. रॉकेल तिच्यापाशी आले. कोणी आणले ते श्रीपादला व त्याच्या आईला विचारावे, आणि कुमुदच्या तोंडी काय घालायचे ठरले होते ते सिंधुबाईला विचारावे.

मी डिंकाचे लाडू नेले होते ते तिला दिले. ती म्हणाली, "आई, आंघोळीच्या दिवशी ये, मग जवळ बसू." मी बरे म्हणून निघाले.

लिहिलेले मला वाचून दाखवले, ते मी ऐकले. 'विटाळशी' या जागी हवालदारांनी 'प्रकृती बरी नव्हती' असे लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून बदलले आहे. लाडू 'हातात दिले' असे लिहिले होते, तेही खोडायला लावले. हातात दिले नाहीत. लांबूनच जमिनीवर ठेवले, ते तिने उचलले. आता बरोबर आहे.