मार्गदर्शकाचा अहवाल, किमान दोनशे शब्द

सन दोन हजार अकरा, भादवा सरायला चार दिवस, नदीकाठी काशगवत फुललेलं, पाऊस गेला होता पण चिखल गेला नव्हता, आणि गोरेश्वरच्या शाळेच्या मैदानात आमचा चौथा ट्रक कमरेपर्यंत रुतलेला... आता अशा वेळी माणसाला काय विचारावं? फळ्या भिजल्या का, बांबू किती मोडले, हे विचारावं! आणि मेधीबाबू, म्हणजे आमच्या फिरत्या थिएटरचे मालक, मला काय विचारतात? "ठगिराम, तुझा अहवाल कुठाय?" अहवाल! मी म्हटलं कसला? तर म्हणे मार्गदर्शकाचा! अहो, मार्गदर्शक कोण? मी? मी फळ्या जोडणारा माणूस!

तुम्ही हसताय. हसा. मी एरवी बोलत नाही फारसा. आज चिडलोय म्हणून बोलतोय, तर ऐकून घ्या.

नाव ठगिराम बैश्य. माझ्या आधीची तीन भावंडं गेली, म्हणून यमाला चकवायला आईनं हे नाव ठेवलं. पण तुम्हाला सांगतो, चव्वेचाळीस हंगाम मी मंच बांधला, श्रावणात निघायचं आणि वैशाखातल्या बिहूला घरी यायचं, आणि चव्वेचाळीस हंगामात कुणाला ठगलं नाही. फळी कच्ची असेल तर मालकाच्या तोंडावर सांगितलं, कच्ची आहे. नट कच्चा असेल तर... ते मला कुणी विचारलं नाही. बरं झालं.

तर आषाढात तालमी चालू असताना मेधीबाबूंनी मला बोलावलं. शेजारी एक पोरगा. बारीक, दाढी वाढवलेला, गळ्यात पिशवी, पायात न शोभणाऱ्या चपला. मेधीबाबू म्हणाले, "हा बितोपन. तीन वर्षं नाट्यशाळेत शिकलाय. गुवाहाटीच्या एका संस्थेनं पाठवलाय. त्यांची योजना आहे, तरुण कलावंतांना व्यवसायात उभं करायचं. प्रत्येकाला एक अनुभवी मार्गदर्शक द्यायचा असतो. मी तुझं नाव लिहिलं."

मी म्हटलं, "नटाचं लिहा की!"

"नट म्हणतात, आम्हाला वेळ नाही."

"मग मला आहे?"

"तू नाही म्हणाला नाहीस."

अहो, मला विचारलंच नव्हतं तर नाही कधी म्हणणार?

आणि पोरगा खाली वाकून माझ्या पाया पडला, आणि म्हणाला, "काका, तुमच्याकडून मला रंगमंच समजून घ्यायचाय." मी म्हटलं, घे. सहा फुटी फळ्या बावीस, आठ फुटी चौदा. समजला? तर त्यानं ते लिहून घेतलं! वहीत! आणि खाली रेघ ओढली!

मी तिसरी शिकलेला माणूस. सही येते, आकडे येतात, एखादा शब्द कसाबसा. बाकी जे येतं ते हातात. आणि त्या संस्थेचा कागद आला, दर पंधरा दिवसांनी अहवाल पाठवा, कलावंताची प्रगती, कलावंताच्या अडचणी, मार्गदर्शकाचे विचार. विचार! मी लिहिलं, "ठीक आहे." पाठवलं. परत आलं. वर लाल शाईनं, "किमान दोनशे शब्द." दोनशे? बायकोशी मी चाळीस वर्षांत दोनशे शब्द बोललो नसेन, आणि सुखात आहे ती! दुसऱ्यांदा मी लिहिलं, "ठीक." तेही परत आलं. मग मी सोडून दिलं.

पोराचं मात्र एकेक ऐका. एक दिवस बघतो तर मंचावर उताणा पडलेला, डोळे मिटून, हात पसरून. मला वाटलं ताप आला. मी धावत जाऊन गरम पाणी आणलं, तर डोळे न उघडताच म्हणतो, "काका, मी झाड झालोय." मी म्हटलं, झाडाचीच फळी होते, ऊठ, इथे खिळे मारायचेत. दुसऱ्या दिवशी म्हणतो, "काका, दुसऱ्या अंकात भाऊ घरी परत येतो, तेव्हा त्याच्या मनात काय चाललं असेल?" मी म्हटलं, "त्याला उशीर झालाय. पळ."

खोटं सांगितलं का? आता हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. आमच्याकडे मंच एक नसतो. दोन असतात. शेजारी शेजारी, दोन्ही प्रेक्षकांना दिसणारे. एकावर दिवा विझला की दुसऱ्यावर लागतो, पडदा पाडायला, सामान हलवायला वेळ घालवत नाही आम्ही. पण नटाला मागून काळोखात पळत जाऊन दुसऱ्यावर चढावं लागतं. चौदा पावलं. मी त्याला पहिल्या दिवसापासून सांगत होतो, बाळा, बाकी सगळं नाट्यशाळेत शिकलास, हे एक माझ्याकडून शीक, चौदा पावलं मोज. तर म्हणतो, "काका, मोजायला लागलो तर भाव तुटतो."

भाव तुटतो! पाय तुटला तर चालेल!

मेधीबाबूंनी त्याला नऊ रात्रींची परीक्षा लावली होती. तीन गावं, प्रत्येकी तीन रात्री. उतरला तर हंगामभर ठेवायचा, नाहीतर परत. परत म्हणजे कुठे? नगावला, मेहुण्याच्या दुकानात, टायरचे पंक्चर काढायला. मेहुण्याचा रोज फोन यायचा. "काय राजकुमार, आज टाळ्या पडल्या की नाही? इथे ट्यूब पडल्यात ढीगभर!" पोरगा फोन ठेवून माझ्याजवळ येऊन बसायचा. मी सुपारी कातरून द्यायचो. मी तरी काय बोलणार? मी फळ्या जोडणारा माणूस.

आठ रात्री बऱ्या गेल्या. चांगल्या म्हणत नाही. बऱ्या. आणि नववी, ही गोरेश्वरची.

दुसरा अंक. पहिल्या मंचावर पुराचा प्रसंग संपला, दिवा विझला. दुसऱ्या मंचावर लागला. घर आहे, दार आहे, आणि आमची मुख्य नटी मालबिकाताई हातात कंदील घेऊन उभी. बारा वर्षांनी भाऊ येणार, म्हणजे आमचा बितोपन. ती म्हणायची, "दादा, तूच ना?" आणि त्यानं दार ढकलून आत यायचं. चिखलात मंचाचा एक पाय बसला होता, ती दाराची चौकट डुलत होती, म्हणून मी दारामागे बसून खांद्यानं ती धरून ठेवलेली. अंगात बनियन, डोक्याला गामोसा गुंडाळलेला, हातात हातोडी.

मालबिकाताई म्हणाली, "दादा, तूच ना?"

दार उघडलं नाही.

ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं. आणि बाजूच्या मंचावरून, तो जो काळोखात बुडालेला मंच, त्यावरून आवाज आला, "बहिणी... मी आलो! दार उघड!"

अहो, काय झालं होतं सांगू? साहेब पहिल्या मंचाच्या मागे डोळे मिटून उभे होते. भाऊ होत होते. अगदी पूर्ण भाऊ झाले आणि मग डोळे उघडले. आता भावाला काय ठाऊक मंच दोन आहेत? जी शिडी समोर दिसली ती चढला! आणि काळोखात, एकटा, रिकाम्या मंचावर सुरू! "बारा वर्षं या दाराची वाट बघितली!" कुठलं दार? समोर बांबू!

अठराशे लोक. तुम्ही कधी अठराशे लोकांची कुजबूज ऐकलीय? मागच्या बाकावरून एक जण ओरडला, "अरे, दिव्यांचं बिल भरलं नाही का?" मालबिकाताई जुनी बाई, तिनं काय करावं? तिनं स्वतःच दार ओढलं. वाटलं असेल मागे कुणीतरी सोय केली असेल.

मागे मी.

पूर्ण उजेडात. बनियनवर. हातोडीसकट.

आता तुम्ही असता तर पळाला असता. मीही पळालो असतो, पण चौकट सोडली असती तर घर बाईच्या अंगावर पडलं असतं! म्हणून बसलो. ती माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे बघतोय. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही कोण?"

मी काय सांगणार? खरं तेच सांगितलं. "मी फळ्या जोडणारा माणूस."

लोक हसले. मालबिकाताईचे डोळे मात्र मला सांगत होते, काहीतरी कर रे बाबा! ती म्हणाली, "माझा दादा कुठाय?"

"शेजारी."

"शेजारी? का?"

आता का म्हणजे काय! मी म्हटलं, "बारा वर्षांनी आलाय. घर विसरला."

आणि तुम्हाला सांगतो, मैदानात चिडीचूप. एकदम. पुढे बसलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. मला कळेना काय झालं. मी म्हटलं, "थांब. आणतो." तिला खूण केली, तिनं पाठ लावून चौकट धरली, आणि मी उठलो, मागून गेलो, काळोखात त्या पोराचं मनगट पकडलं. तो अजून बोलतच होता! मी कानात म्हटलं, "मोज." आणि आम्ही मोजत गेलो, एक, दोन, तीन... चौदा. उजेडात आल्यावर त्याला कळलं काय झालंय. आणि तो रडला. खरा. मालबिकाताईच्या गळ्यात पडून असा रडला की अठराशे लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. नाट्यशाळेत तीन वर्षं शिकवलं ते त्या वेळी कुठे होतं कोण जाणे. तो रडत होता ते टायर डोळ्यांपुढे आले म्हणून!

अंक संपला. मेधीबाबू आले. चेहरा असा, जसा जकात नाक्यावर करतात. "हे नाटकात नव्हतं. हे कुणी घातलं?"

पोराचा चेहरा पांढरा. तोंड उघडलं होतं त्यानं. खरं सांगणार होता गाढव! सांगितलं असतं, की मालक, मी चुकलो, तर त्याच रात्रीची गाडी, सकाळी नगाव.

मी म्हटलं, "मी घातलं."

"तू?"

"मीच त्याला शेजारी चढ म्हटलं. मार्गदर्शक आहे ना मी."

आईनं ठेवलेलं नाव सहासष्टाव्या वर्षी खरं केलं. मेधीबाबूंनी मला वरून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाले, "आपल्याला बोलावणाऱ्या गावच्या समितीचे लोक म्हणतात, असं कधी पाहिलं नाही. उद्यापासून रोज करायचं."

"तो करेल," मी म्हटलं.

"तो तर करेलच. तू पण."

"मी? अहो, मी फळ्या जोडणारा माणूस!"

"तेच म्हणायचं. तेवढंच तर वाक्य आहे."

बघा! पोराला उभं करायला गेलो आणि मीच उभा राहिलो! वैशाखापर्यंत रोज, बनियनवर! रंगवाला म्हणतो, काका, गालाला थोडं लावू का? मी हातोडी दाखवली.

पण परीक्षा अजून संपली नव्हती. सकाळी संस्थेच्या बाई आल्या. रश्मिरेखाबाई. चष्मा, फाईल, पायात उंच टाचा, त्या चिखलात रुतलेल्या. बिनदुधाचा लाल चहा घेतला आणि म्हणाल्या, "ठगिरामजी, एकही पूर्ण अहवाल नाही. अहवालाशिवाय मी बितोपनचं नाव योजनेत ठेवू शकत नाही." मेधीबाबू लगेच म्हणाले, "बाई, पोरगा मला हवाय. पण तुमच्याकडे नाव नसेल तर मीही ठेवणार नाही. कागदाची भानगड मला नको."

काय करणार? अठराशे लोकांसमोर तोंड उघडलं होतं मी, पण या एका बाईसमोर उघडेना. म्हणायला हवं होतं, बाई, मला लिहिता येत नाही. तीन शब्द... चार. आयुष्यात कुणाला म्हटलेले नाहीत. मान खाली घालून बसलो. कान तापले. तिथे मेधीबाबू, तिथे मालबिकाताई, तिथे माझी फळ्या उचलणारी सहा माणसं.

तेवढ्यात बितोपन पुढे आला. माझ्या पिशवीतून माझी वही काढली. फळ्यांची वही. म्हणाला, "काकांनी लिहिलंय सगळं. पाठवायचं राहिलं. मी वाचतो."

आणि उघडून वाचायला लागला. "पहिला पंधरवडा. कलावंत हुशार आहे, पण जमिनीवर नाही. त्याला आधी पाय द्यायला हवेत, चेहरा मागून येईल..." मी बघतच राहिलो. पान उलटतो, बोट फिरवतो, एका ठिकाणी अडखळतो सुद्धा, अक्षर लागत नसल्यासारखा! "दुसरा पंधरवडा. आज तो झाड झाला होता. मी त्याला सांगितलं, झाडाची फळी झाल्याशिवाय त्यावर कुणी उभं राहत नाही..." अहो, मी असं म्हटलं होतं का? म्हटलं असेन. असं नव्हतं म्हटलं. "तिसरा पंधरवडा. अडचण, घरचे फोन. उपाय, सुपारी आणि शेजारी बसणे." दोनशे कसले, चारशे शब्द झाले असतील! आणि आवाज? माझा. खर्जातला, तुटक, अगदी माझा! नऊ रात्रींत असा एकदाही बोलला नव्हता. मेधीबाबू तोंड उघडं ठेवून ऐकत होते. बाईंनी चष्मा काढून पुसला.

"द्या ती वही," बाई म्हणाल्या, "मी फोटो काढून घेते."

वहीत नुसते फळ्यांचे आकडे! पोरगा वही छातीशी धरून म्हणाला, "बाई, काकांचं अक्षर त्यांच्याशिवाय आणि माझ्याशिवाय कुणाला लागत नाही. मी टाईप करून संध्याकाळी पाठवतो. आत्ता तुमच्या फॉर्मवर त्यांची सही घ्या."

बाईंनी फॉर्म पुढे केला. मी सही केली. त्यांनी शिक्का मारला, मेधीबाबूंनी मान हलवली.

बितोपननं वही माझ्या हातात दिली. रात्री माझं एक खोटं, सकाळी त्याचं एक खोटं. फिटलं.