आधी 'येतो' म्हणा

इंग्रजी शिकवणं सोपं नाही रे बाप्पा, मले विचारा! हिंदी मुलखातल्या भरवेलीच्या आमच्या शाळेत तपासणीले साहेब येणार होते, आन् मले त्याइच्यासमोर पाचवीले 'कम' आन् 'गो' मधला फरक शिकवाचा होता. सकाळी घाईघाईत बायकोले म्हटलं, "जातो." झालं! तिनं गाडीची चाबीच काढून घेतली.

"काहून अपशकुन करून राह्यले? बसा, पाणी प्या, आन् 'येतो' म्हणा."

बसलो, पाणी पेलो, 'येतो' म्हटलं, तवा कुठं चाबी भेटली.

वर्गात मात्र घसा फोडून शिकवलं. कोणी जवळ आला तं 'कम', दूर गेला तं 'गो'. पोट्ट्याइनं धडाधड उत्तरं देल्ली. साहेब खूश झाले. उठले आन् दारापाशी जाऊन हसत म्हणाले, "अच्छा बच्चों, अब आता हूँ."

सारा वर्ग एका सुरात ओरडला, "नो सर! गो! गो!"

मले घाम फुटला. म्हटलं, गेली नोकरी! साहेब माघारी आले, खुर्चीवर बसले आन् हळूच म्हणाले, "गुरुजी, एक गिलास पानी मंगाइए."